पाच इंचांचा दाब

ख्रिस्ती धर्मसंघातल्या सिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना पांढरा झगा घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा होळी नुकतीच झाली होती आणि माझ्या मशीनवर लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. "मॅडम, हा उसवून याचं माप काढून द्याल का?" इतकी वर्षं त्यांचे झगे गावातले मास्तर शिवत. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कागदावर त्यांनी माप कधी ठेवलंच नव्हतं, सगळं बोटांत होतं. चार दिवसांत देते, असं मी सांगून टाकलं. त्या चार दिवसांचं पुढे वर्ष झालं.

मी चंद्रपूर जिल्ह्यात मुलींना कटिंग-शिवण शिकवते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचा गणवेश, नर्सचा एप्रन एवढं आमच्याकडे होतं. साध्वीचा वेष कसा बेतायचा हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. हे प्रकरण मात्र मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण त्यात माझी एक ढळढळीत चूक आहे आणि बाईंची चूक म्हटलं की मुली कान देऊन ऐकतात. गावाचं, संघाचं आणि सिस्टरांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे.

घर

कोळशाच्या खाणींपासून फार लांब नसलेलं गाव. एका बाजूला कपाशीची वावरं, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा रस्ता. सिस्टरांचं घर म्हणजे एक छोटा दवाखाना, मुलींचं वसतिगृह आणि मागे भाजीचा वाफा. १९६२ मध्ये चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, भागाचं मिशन केरळच्या सीएमआय या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडे आलं, तेव्हापासून या पट्ट्यात केरळचे फादर आणि सिस्टर दिसू लागले. या घरातल्या मोठ्या सिस्टरही तिकडच्याच. बत्तीस वर्षं इथे राहून त्यांची मराठी आता आमच्यासारखीच 'हाव जी' म्हणते. दवाखान्याच्या सिस्टर झारखंडच्या, वसतिगृहाच्या वसईकडच्या, आणि सगळ्यात धाकटी अमरावती जिल्ह्यातली.

त्यांचा संघ संत फ्रान्सिसच्या वाटेनं जाणारा. पांढरा पायघोळ झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, डोक्यावर तपकिरी व्हेल, म्हणजे केस झाकून पाठीवर येणारं वस्त्र. त्या 'हॅबिट' म्हणतात, गाव 'झगा' म्हणतं. मीही झगाच म्हणणार.

त्या वर्षी संघानं प्रत्येक घराला मोकळीक दिली होती : कामाच्या वेळी जुना झगा ठेवा, साधी साडी नेसा किंवा सलवार-कमीज घाला, वर्षभर वापरून बघा आणि काय जमलं ते कळवा. यात बंड वगैरे काही नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ च्या आपल्या आदेशात धर्मभगिनींच्या आणि धर्मबंधूंच्या वेषाबद्दल हेच म्हटलं होतं की तो साधा, शालीन, गरिबीचा आणि तरीही शोभेसा असावा, आरोग्याला मानवावा, काळ-स्थळाला आणि कामाला धरून असावा. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचं ६६९ वं कलम या वेषाला समर्पणाची खूण आणि गरिबीची साक्ष म्हणतं. म्हणजे एका कपड्यानं शोभायचं, गरीब दिसायचं, गरम होऊ द्यायचं नाही आणि लांबून ओळखूही यायचं. शिवणाऱ्या बाईनं यातलं आधी काय धरायचं?

उसवलेला झगा

मी तो मधल्या खोलीत सतरंजीवर पसरला आणि ब्लेडनं टीप काढायला बसले. दुसऱ्याच्या हातचं उसवताना शिवणाऱ्याचा स्वभाव कळतो. मास्तर कंजूस नव्हते, पण कापडाचा अपमान त्यांना सहन होत नसावा. बाजूच्या शिवणीत दीड-दीड इंच कापड आत सोडलेलं. छातीवर तीन बॉक्स प्लेट, कातरलेल्या नव्हे, दुमडलेल्या, म्हणजे अंग भरलं तर सैल करता येतील अशा. बाहीच्या टोकाला दुहेरी पट्टी. आणि खालचा दाब, म्हणजे आत दुमडून शिवलेली कड, तब्बल पाच इंच. आपण साध्या फ्रॉकला दीड इंच ठेवतो.

दाब उलगडला तर आत तीन रेघा. झगा तीनदा लांब-आखूड झाला होता. प्रत्येक वेळी जुन्या घडीवर धुण्याची पिवळट रेघ राहिलेली. गळ्याच्या आत लाल दोऱ्यानं भरलेला आकडा, १७. मी विचारलं तर कळलं की तो धोब्याचा नव्हे, घरातला नंबर. सगळ्यांचे कपडे सारखे, म्हणून संघात आल्यावर प्रत्येकीला धुण्यासाठी एक आकडा मिळतो. १७ नंबरच्या सिस्टर केव्हाच वारल्या. त्यांना त्यांच्या चांगल्या झग्यात पुरलं आणि हा उरलेला दुसरीनं कमी करून वापरला, मग तिसरीनं लांब करून. खिसा नऊ इंच खोल. त्याच्या कोपऱ्यातून धुळीचा गोळा निघाला, त्यात गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा आणि जपमाळेचा एक लाकडी मणी. पाठीवर, व्हेलखाली झाकलं जाईल अशा जागी, एक ठिगळ. आडव्या धाग्याला आडवा धागा जुळवून लावलेलं. मी दोनदा हात फिरवला तेव्हा लागलं.

सुंदर कपडा म्हणजे काय, हे मी मुलींना फिटिंगवरून शिकवत आले. या झग्याला फिटिंग नावाची गोष्टच नव्हती. तीन वेगवेगळ्या बायकांना तो बसला होता.

दोरीवाले फादर

लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, सिस्टरांकडे फ्रान्सिसच्याच वाटेचे एक कपुचिन फादर चिंतन-शिबिरासाठी येऊन राहिले. तपकिरी जाड झगा, मागे टोकदार टोपडं, कमरेला पांढरी दोरी. पोरं त्यांना दोरीवाले बाबा म्हणत. मी नमुन्याचे तुकडे दाखवायला गेले तर ते व्हरांड्यात बसून स्वतःच्या टोपड्याला स्वतःच ठिगळ लावत होते. टाके मोठे होते, पण सरळ.

दोरीच्या तीन गाठी म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, हे मला सिस्टरांनी सांगितलं होतं. फादरांनी फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. उंची कापडात वाढलेला. १२०६ च्या सुमारास बापानं त्याला असिसीच्या बिशपपुढे खेचलं, तेव्हा त्यानं अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले. पुढे त्यानं घेतला तो तिथल्या गरिबांचा अंगरखा, क्रुसाच्या आकाराचा. दोन बाह्या पसरल्या की 'टी'सारखा टाऊ क्रूस होतो. चामड्याच्या पट्ट्याऐवजी दोरी. १२२३ च्या नियमात त्यानं लिहून ठेवलं की बंधूंनी हलक्या प्रतीचे कपडे घालावेत आणि त्यांना पोत्याची नि इतर तुकड्यांची ठिगळं देवाच्या आशीर्वादानं लावावीत. त्याचा ठिगळांनी भरलेला अंगरखा असिसीत आजही जपून ठेवलेला आहे. त्याच नियमातलं पुढचं वाक्य मला जास्त आवडलं : मऊ आणि रंगीत कपडे घालणाऱ्यांना बंधूंनी तुच्छ मानू नये, न्याय करायचाच तर स्वतःचा करावा. माझ्या मशीनवर जरीचे ब्लाउज होते. मला बरं वाटलं.

"रंग तपकिरीच का?" मी विचारलं. फादर म्हणाले, सुरुवातीला रंगच नव्हता. मेंढीची लोकर न रंगवता विणायची. काळी-पांढरी मिसळली की राखाडी व्हायची, म्हणून इंग्लंडात या लोकांना करडे बंधू म्हणत. तपकिरी नंतर पक्का झाला. कपुचिन हे नावही टोपड्यावरूनच आलेलं, आणि ज्या कॉफीचे बोर्ड आता आमच्या तालुक्याच्या ठिकाणीही लागलेत, त्या कॅपुचिनोला नाव मिळालं ते त्यांच्या झग्याच्या रंगावरून. सोळाव्या शतकातल्या वैराग्याचा असा पेला झालेला पाहून फ्रान्सिस काय म्हणाला असता कोण जाणे.

मी त्यांना आमच्या गाडगेबाबांचं सांगितलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगात चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर मडक्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. लोक गोधडे महाराजही म्हणत. आणि चीवराचंही सांगितलं, कारण ते आमच्या घरातलं आहे. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेला गेले होते. भिक्खूचं चीवर अखंड कापडाचं नसतं, तुकडे कापून जोडलेलं असतं. मगधातली भाताची खाचरं आणि त्यांचे बांध पाहून ती रचना ठरली असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, सांगतात. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या वरून बघितल्या तर चीवर अंथरल्यासारखंच वाटेल. अंगावर घेण्याजोगं ठेवायचं, पण बाजारात त्याची किंमत राहू द्यायची नाही. फादर सुई तशीच हातात धरून ऐकत राहिले.

पांढऱ्याची अडचण

नमुने शिवण्याआधी मी सिस्टरांना एक वही दिली. गरमी, धुणं, चालणं-बसणं आणि 'कोण काय म्हणालं' असे चार रकाने आखून दिले. चौथा रकाना मी सहज घातला होता, तोच सगळ्यात भरला.

पहिल्या तीन रकान्यांचं थोडक्यात सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ वर जातो. झग्याचं टेरिकॉट घाम पीत नाही. दवाखान्याच्या सिस्टरांची पाठ घामोळ्यांनी भरायची. बोअरच्या पाण्यानं पांढरं पिवळं पडतं, नीळ घातली तर चट्टे उठतात, कोळशाची धूळ शिवणीत बसते आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल दाबावर असा चिकटतो की ब्रशनंही निघत नाही. स्कुटीवर घेर चाकाकडे जातो, एकदा गेलाही.

चौथ्या रकान्यात पांढऱ्या रंगाबद्दल दोन उलट नोंदी होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वसतिगृहातल्या एका मुलीच्या आईनं सिस्टरांना आग्रहानं बोलावलं होतं. करंडा घेऊन फिरणारी सून धाकट्या सिस्टरपाशी आली आणि तिचा हात क्षणभर थांबला. पांढरे कपडे, कोरं कपाळ. तिला माहीत होतं की ही सिस्टर आहे. तरी हाताला ते माहीत नव्हतं. मग तिनं सिस्टरच्या ओंजळीत तिळगूळ ठेवला आणि पुढे गेली. सिस्टरनं वहीत लिहिलं, 'वाईट वाटलं नाही. पण घरी आईला सांगितलं नाही.'

दुसरी नोंद बौद्ध वस्तीतली. तिथे पांढऱ्याचं कुणाला काही वाटत नाही. माझी आई १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसते, लग्नातसुद्धा पांढरी चालते, कित्येकींची निळ्या काठाची असते. मदर तेरेसांनी १७ ऑगस्ट १९४८ ला आपल्या आधीच्या लोरेटो संघाचा झगा उतरवून पहिल्यांदा नेसली तीही पांढरी, निळ्या काठाची, बाजारातली स्वस्तातली सुती साडी. आईला तो फोटो दाखवला तर म्हणाली, "ही त आपल्या समाजाचीच बाई दिसते."

एकच रंग, दोन गल्ल्यांमध्ये दोन अर्थ. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. सिस्टर आल्या की लोक खुर्ची आणत. "खाली काऊन बसता जी सिस्टरबाई, कपडे खराब होतीन!" आजारी म्हातारी बाजेवर, सुना जमिनीवर आणि सिस्टर प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर. गरिबीची शपथ घेतलेल्या बाईला गरिबाच्या घरात सगळ्यात उंच जागा मिळत होती, ती झग्याच्या शुभ्रपणामुळे.

माझं मत सांगते. वेष जिथे जन्मला तिथे तो बहुधा शेजारणीसारखाच होता. १६३३ मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट दि पॉल आणि लुईझ द मारिलॅक यांनी सेवाभगिनींचा संघ काढला, तेव्हा त्या मुली आसपासच्या खेड्यातल्या बायकांचेच करडे कपडे घालत. डोक्यावरचं पांढरं शिरवस्त्रही तिथलंच. खेड्यातल्या बायका बदलल्या, शिरवस्त्र राहिलं; खळ घालून घालून त्याचे पंख झाले, इतके रुंद की दारातून जाताना वाकडं व्हावं लागे. २० सप्टेंबर १९६४ ला त्यांनी ते सोडलं. स्कॅप्युलर नावाची ती पुढून-मागून लोंबणारी पट्टी आज पवित्र मानतात. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमात ती कामाच्या वेळी घालायचं वस्त्र म्हणून येते. आपल्या भाषेत एप्रन. त्याच नियमात असंही आहे की कपडे हवामान बघून द्यावेत, रंगाबद्दल आणि जाडेभरडेपणाबद्दल कुरकुर करू नये, त्या मुलखात मिळेल आणि स्वस्त पडेल ते घ्यावं, आणि नवा कपडा मिळाला की जुना गरिबांसाठी परत करावा.

हे सगळं मी उत्साहानं सिस्टरांच्या स्वयंपाकघरात मांडलं. धाकटी म्हणाली, मग भगवाच का नको? आपल्या देशात संन्यास म्हटला की भगवा. वसईच्या सिस्टरांनी सांगितलं की ते करून झालंय. १६०६ मध्ये मदुराईला आलेल्या रॉबर्टो दि नोबिली नावाच्या जेझुइट संघाच्या फादरनं काषाय वस्त्र घेतलं होतं आणि त्यावरून रोमपर्यंत वाद गेला होता. मोठ्या सिस्टर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आज घातला तर लोक म्हणतील, हे काय नवीन सोंग? राहू दे." विषय संपला. भगव्यानं कुणी साधू होत नाही हे आमच्याकडे संतांनीच सांगून ठेवलंय, पण त्या दिवशी ते कुणी बोललं नाही.

तीन नमुने

पहिला नमुना जुन्याच बेताचा झगा, सुती आणि घेर कमी केलेला. दुसरा बदामी साडी, तपकिरी काठाची. तिसरा लांब सलवार-कमीज, ओढणी आणि गळ्यात लाकडी क्रूस. साडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. झारखंडच्या सिस्टरांना ती शोभली, पण रात्रीच्या बाळंतपणाला धावताना निऱ्या सावरण्यात वेळ गेला आणि स्कुटीवर पदराची भीती. सणासुदीला ठेवू म्हणाल्या.

सलवार-कमीजचा महिना मात्र महत्त्वाचा. लोकांनी खुर्ची आणणं बंद केलं. धाकटी ओट्यावर, जमिनीवर, कपाशीच्या बोंडांच्या ढिगाशेजारी बसली. दोन बायकांनी तिला अशा गोष्टी सांगितल्या ज्या झग्यातल्या सिस्टरला त्यांनी सांगितल्या नसत्या. वहीत पानंच्या पानं आहेत. मला वाटलं, प्रकरण निकालात निघालं.

मग एसटी स्टँडवरची नोंद आली. दुपारची वेळ, धाकटी सिस्टर गाडीची वाट बघत बाकावर बसलेली. शेजारी एक मुलगी तान्हं बाळ घेऊन येऊन बसली. ओठ सुजलेला, हातातल्या बांगड्या फुटलेल्या, एकच पिशवी. रडत नव्हती. याच स्टँडवर दोन वर्षांपूर्वी अशाच एका बाईनं झगा बघून आपलं पोर सरळ मोठ्या सिस्टरांच्या मांडीवर दिलं होतं आणि 'मले तुमच्या घरी न्या' म्हणाली होती. ही मुलगी काही बोलली नाही. तिच्या लेखी शेजारी कुणीतरी ड्रेसवाली पोरगी बसली होती.

धाकटीनं पुढे लिहिलेलं जसंच्या तसं देते : 'तिनं मला ओळखलं नाही याचं मला काही नाही. पण मीही विचारलं नाही. माझी गाडी लागली होती. मनात आलं की आपण आत्ता सिस्टर दिसत नाही, कुणी बघत नाही. झगा असता तर मला विचारावंच लागलं असतं. गाडीत बसल्यावर मी खाली उतरायला हवं होतं.'

मोठ्या सिस्टरांनी ते पान वाचलं, वही मिटली आणि धाकटीला जेवायला वाढलं. रागावल्या नाहीत. मी तिथे बसले होते. मला उगाच आपण परक्याचं पत्र उघडल्यासारखं झालं. तोवर मी 'लोकांना झगा कसा दिसतो' एवढंच मोजत होते. झग्याच्या आत असलेल्या बाईला तो काय करायला लावतो, याचा रकानाच मी आखला नव्हता.

कापड आणि माझी चूक

झगा ठेवायचा, पण पांढरा नको, टेरिकॉट नको, इथवर चौघींचं एकमत झालं. कापड कुठलं? मी आनंदवनचं सुचवलं. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभ्या केलेल्या त्या वसाहतीत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचे हातमाग आहेत. मदर तेरेसांच्या भगिनींच्या साड्याही बंगालात टिटागढच्या केंद्रात कुष्ठरोगी विणतात, म्हणजे या वाटेला आधीची पावलं होती. मातकट करडा रंग, काळ्या मातीचा डाग पोटात घेईल असा. फादरांच्या त्या न रंगवलेल्या लोकरीच्या जवळ जाणारा.

मोठ्या सिस्टरांनी हिशेब मांडला. छत्तीस इंच पन्ह्याचं साडेचार मीटर झग्याला, एक मीटर व्हेलला. हातमागाचं कापड टेरिकॉटच्या दुप्पट पडतं आणि टिकतं निम्मं. "मॅडम, गावातल्या बाया काय घालतात? टेरिकॉट, पॉलिस्टर. जे गरिबाला परवडत नाही ते साधं कसं म्हणायचं?" बेनेडिक्टचं 'स्वस्त पडेल ते' मीच त्यांना ऐकवलं होतं, ते असं परत आलं. मला उत्तर सुचलं नाही. दवाखान्याच्या सिस्टरांनी मान फिरवून घामोळ्या दाखवल्या, आणि ठरलं की जुने टेरिकॉट फाटेपर्यंत थंडीत वापरायचे, उन्हाळ्यात आणि कामाला हातमाग. एकेकीला दोनच.

आता चूक. लग्नसराई होती, हातात काम फार. कोरं हातमागाचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतायचं, हे मी मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. मी भिजवलं नाही. तसंच अंथरलं, खडूनं आखलं आणि कापलं. झगा देखणा झाला. पहिल्या धुण्यात तो बावन्न इंचांचा पन्नास झाला, छातीतही आटला. झारखंडच्या सिस्टर तो घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात वर करता येईना. हसून म्हणाल्या, "मॅडम, इंजेक्शन कसं देऊ?"

उंची वाचली, कारण मास्तरांचं बघून मी खाली पाच इंच दाब सोडला होता. बाजूच्या शिवणीत मात्र माझ्या सवयीनं अर्धाच इंच. मास्तरांचा दीड इंच मी मोजला होता, वहीत लिहिलाही होता. कापताना हात जुन्या वळणानं गेला. मी झगा घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी डोळ्यांनी नव्हे, अंगठ्यानं शिवण चाचपली. "बगलेत चौकोनी तुकडा टाक बाई. सदऱ्याले टाकत होतो तसा." टाकला. हात इतका मोकळा झाला की पुढच्या सगळ्या झग्यांना तो चौकोन मुद्दाम ठेवला. मागे एक आतली प्लेट दिली, स्कुटीसाठी खाली सलवार, आणि व्हेल खांद्यापर्यंतच आखूड केली.

आज

तिघी करड्या झग्यात आहेत. खुर्ची अजून येते, पण 'राहू द्या' म्हटलं की लोक ऐकतात. हळदीकुंकवाला पुढच्या वर्षी काय झालं ते मी विचारलं नाही. स्टँडवर गेल्या दिवाळीत एका बाईनं धाकटीला "तुमी सिस्टर होय का जी?" असं विचारलं. म्हणजे रंग बदलल्यावर ओळख लगेच पटत नाही. धाकटीनं होय म्हटलं आणि ती गाडी सोडून दिली. संघाला अहवाल गेला आहे. त्यात माझ्या न भिजवलेल्या कापडाचाही उल्लेख आहे, हे मला नंतर कळलं.

मोठ्या सिस्टरांनी नवा झगा शिवून घेतला नाही. "माझे दोन पुरतील," म्हणाल्या. गेल्या महिन्यात त्यातला बरा असलेला पांढरा झगा घेऊन त्या आल्या. वयानं उंची कमी झाली आहे, झगा चपलेखाली येतो, दोनदा अडखळल्या. मी टेबलावर उभा धरला, टाचण्या लावल्या. आधीचा दाब पाच इंच होताच, त्यात आणखी तीन इंच दुमडायचे म्हणजे खाली जड गोळा होणार. मी कात्री घेतली.

"कापू नको," त्या म्हणाल्या. "मागून येणारी उंच असली तर?"

मग मी सगळाच्या सगळा आत वळवला आणि हातानं तुरपाई घातली.